आघाडी करायची तर आधी यादी एक करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात काम करणारं एक महिला मंडळ, एक शैक्षणिक ट्रस्ट आणि दोन लहान संस्था मिळून तुम्ही एकत्र येताय. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या पैशांतून, तीन वर्षांचा निधी मिळेल अशी आशा आहे. गरोदर बाया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांचं कुपोषण कमी करायचंय. सुरुवात तपासणी शिबिरांनी करावी की पोषण किट आणि प्रोटीन पावडर वाटून, आणि आघाडीत कुणाकुणाला घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मुंबईतल्या वस्त्यांमध्ये बालपोषणाचं काम मी बरीच वर्षं करते आहे, त्या अनुभवावरून सांगते. शिबिर की किट, हा नंतरचा प्रश्न. आधीची अडचण वेगळीच आहे. तुमच्या गल्लीतलं एखादं लुकडं बाळ डोळ्यांसमोर आणा. त्याचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरात आहे. लसीला आलं होतं म्हणून हेल्थ पोस्टच्या, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्राच्या वहीत आहे. जुलाब झाले तेव्हा काढलेल्या केसपेपरवर आहे. मागच्या पावसाळ्यात कुणी शिबिर घेतलं, त्या संस्थेच्या लॅपटॉपवरही आहे. नाव चार ठिकाणी आहे, आणि पुढच्या महिन्यात त्याचं वजन कोण बघणार, हे चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. पाचवी यादी करायला आघाडी कशाला हवी?

मुंबईत हे जास्त का होतं, तेही सांगते. ग्रामीण भागात अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र दोन्ही जिल्हा परिषदेखाली येतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर दोन्ही खाती एका टेबलाशी बसतात. मुंबईत जिल्हा परिषदच नाही. अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या; हेल्थ पोस्ट, दवाखाने, प्रसूतिगृहं महापालिकेची; रेशन शिधावाटप कार्यालयाचं; संडास कुठे पालिकेचे, कुठे म्हाडाने बांधलेले. एम-पूर्वच्या, म्हणजे तुमच्या गोवंडी-मानखुर्दच्या पालिका विभागाच्या, वॉर्ड ऑफिसला अंगणवाडी सेविकेला काम सांगण्याचा अधिकार नाही, आणि अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पालिकेच्या आरोग्य सेविकेला. दोघी एकाच गल्लीत फिरतात, बऱ्याचदा एकमेकींना ओळखतातही, पण त्यांच्या वह्या कधी शेजारी शेजारी उघडल्या जात नाहीत. तुमच्या आघाडीची खरी जागा ही आहे.

ही काही माझी नवी कल्पना नाही. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ साली सुरू झालं, देशातलं पहिलं राज्य पोषण मिशन. त्याचा भरही खात्यांना एकत्र आणण्यावर आणि बाळाच्या पहिल्या हजार दिवसांवर होता. मुंबईतलं उदाहरण हवं असेल तर धारावी बघा. लोक ज्याला ‘छोटा सायन’ म्हणतात त्या नागरी आरोग्य केंद्रात सायन रुग्णालयाचं पोषण पुनर्वसन केंद्र आहे. तिथे शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-क्षार घालून उपचाराची पेस्ट तयार होते. वस्तीतून मुलं शोधणं आणि घरी जाऊन पाठपुरावा करणं हे काम ‘स्नेहा’ या संस्थेने अंगणवाड्यांच्या बरोबरीने केलं. ही संस्था १९९९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. सायन रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली त्याही त्याच. रुग्णालय, सरकारी योजना आणि संस्था तिघांनी आपापलं काम सोडलं नाही आणि दुसऱ्याचं ओढूनही घेतलं नाही, म्हणून ते टिकलं असं माझं मत आहे.

तेव्हा पहिले तीन-चार महिने काही वाटू नका. एक लहान क्षेत्र निवडा, एका हेल्थ पोस्टच्या हद्दीएवढं. त्यातल्या अंगणवाड्यांच्या सेविका, त्यांची मुख्यसेविका, हेल्थ पोस्टच्या आरोग्य सेविका आणि तुमच्या कार्यकर्त्या महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटतील एवढं जमवा. पत्र दोन्हीकडून घ्या, प्रकल्प अधिकाऱ्यांकडून आणि वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून. एकीकडचंच पत्र असेल तर दुसरीकडच्या बाया येतील, चहा घेतील आणि वही पिशवीतच ठेवतील.

त्या बैठकीत भाषण नको, आढावाही नको. फक्त नावं. तीव्र कुपोषित, मध्यम कुपोषित, वजन न वाढलेली, कमी वजनाची जन्मलेली, आणि ज्यांची आई पुन्हा गरोदर आहे ती मुलं. एकेका नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: शेवटचं वजन कधी झालं, पुढे काय करायचं, आणि ते कोण करणार. ‘कोण’च्या रकान्यात संस्थेचं नाव चालणार नाही, बाईचंच हवं. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपमधली माहिती तुम्हाला कुणी काढून देणार नाही आणि देऊही नये. घरातल्या आजारांची, गरोदरपणाची ती खासगी माहिती आहे. सेविका स्वतः वही घेऊन येतील आणि बघून बोलतील. तुमच्याकडे राहील ती कामाची यादी. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

आता मोजण्याबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक गफलती इथे होतात. घरोघरी फिरताना दंडघेराची पट्टी सोपी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. पण दंडघेर ठीक असूनही उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेली मुलं निघतात. म्हणून अंगणवाडीतलं दरमहाचं वजन-उंचीचं काम पट्टी आली म्हणून बंद पडू देऊ नका. दोन्ही पायांवर सूज असेल तर आकडा काहीही असो, ते मूल तीव्र कुपोषित धरायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, त्यावरच्याची उंची उभं करून. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. दहा बाय दहाच्या खोलीत, तीस पोरांच्या गोंगाटात, घाईने उंची घेतली की मुलाची श्रेणी एका दिवसात बदलते, आणि मग ‘सुधारलं’ म्हणून टाळ्या वाजतात.

दुसरी गोष्ट ऋतूची. पावसाळ्यात जुलाब, ताप, तुंबलेली गटारं. मुलांचं वजन त्या दिवसांत उतरतं. ऑगस्टमध्ये पहिली मोजणी आणि फेब्रुवारीत शेवटची असा प्रकल्प काही न करताही यशस्वी दिसतो. देणगीदाराला हे आधीच सांगा आणि तुलना त्याच महिन्याशी करा. कंपन्यांना मार्चअखेर आकडे हवे असतात, तुमचा जीव त्यात अडकू देऊ नका.

सहा महिन्यांखालची बाळं या सगळ्यातून निसटतात. पट्टी त्यांच्यासाठी नाही, अंगणवाडीच्या घरपोच आहाराचं पाकीट त्यांचं नाही, अंगणवाडीत ती येत नाहीत. पण बरंचसं बिघडतं ते तिथेच. आईला दूध पुरत नाही असं वाटतं, शेजारीण बाटली सुचवते, बाटलीत पाणी जास्त आणि पावडर कमी. म्हणून बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतली गृहभेट ही मला शंभर किटांपेक्षा मोलाची वाटते. कुणीतरी बसून बाळ नीट धरून पाजतंय का ते बघायचं, एवढंच.

किटांचं आणि पावडरीचं म्हणाल तर मी उत्साही नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरपोच आहारातून दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात घातला होता. तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी, गरोदर आणि स्तनदा मातेला ६००. कागदावर हे कमी नाही. घरात मात्र ते पाकीट सगळ्यांत वाटलं जातं, नाहीतर चव आवडत नाही म्हणून फळीवर राहतं. किटही तसंच वाटलं जाईल. त्याऐवजी त्याच पैशांतून एक बाई नेमा, जी गल्लीत बसून, त्या घरच्याच डाळ-तांदळात शिजवून दाखवेल. बिहारकडच्या घरात सत्तू असतो, मराठी घरात नाचणी, बहुतेकांकडे शेंगदाणे. अंडं परवडतं आणि चालतं अशी घरं गोवंडीत भरपूर आहेत. सहा महिन्यांनंतर वरणाचं पाणी देत राहण्याऐवजी चमच्यावरून सांडणार नाही इतकी घट्ट खिचडी, त्यात चमचाभर तेल. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, त्यानंतर तीन-चार वेळा, आईचं दूध चालूच. पाच रुपयांच्या पाकिटावर आणि चहा-खारीवर मूल शांत होतं, भूक मरते आणि जेवण राहतं. हे आईला माहीत असतं. तिला ओरडून उपयोग नाही, कारण जरीकामाला किंवा घरकामाला गेल्यावर मूल सांभाळते ती आठ वर्षांची बहीण, आणि तिच्या हातात देता येतं ते पाकीटच.

इथे मला पाळणाघराचा मुद्दा घालायचाच आहे. मुंबईत मुंबई मोबाइल क्रेशेस बांधकामांच्या जागी हे काम अनेक वर्षं करते. तुमच्याकडे तीन वर्षांचे पैसे असतील तर एक-दोन छोटी पाळणाघरं चालवणं हे पोषणाचंच काम आहे. केंद्राची ‘पाळणा’ योजनाही आहे. प्रकल्प अधिकाऱ्यांशी त्याबद्दल बोलून ठेवा.

तीव्र कुपोषित मुलाच्या उपचाराबद्दल एक सावधगिरी. भूक चांगली आहे, ताप-सूज नाही, असं मूल घरी राहून सुधारू शकतं. भूक मेलेलं, सुजलेलं किंवा आजारी मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल व्हायला हवं. कुठलं मूल कुठे, हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. विकतची उपचाराची पेस्ट स्वतः आणून वाटायच्या फंदात पडू नका. त्यावर देशात मोठा वाद आहे आणि केंद्राने २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून तिचा वापर धोरण म्हणून स्वीकारलेला नाही असं कळवलं होतं. तुमचं काम निराळं: दाखल करायला सांगितल्यावर आई ‘नाही’ का म्हणते ते सोडवणं. घरी दोन मुलं आहेत, नवरा रात्रपाळीला, चार घरची कामं सुटतील. मोठ्या मुलांच्या जेवणाची सोय लावली, कामाच्या ठिकाणी मालकिणीला एक फोन केला, तर निम्म्या बाया तयार होतात असा माझा अनुभव आहे. हे कुठल्याच सरकारी योजनेत बसत नाही. महिला मंडळाला मात्र सहज जमतं.

आता बायांकडे. तुमच्या प्रश्नात त्या पहिल्या आहेत, आराखड्यात मात्र शेवटी येतात. सगळ्यांचंच तसं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं बुटकी (वयाच्या मानाने उंची कमी) आणि २५.६ टक्के लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) होती. हे आकडे राज्याचे आहेत, तुमच्या गल्लीचे नाहीत, पण हे तिन्ही आकडे एकाच घरात कसे राहतात ते तुम्हाला तिथे दिसेल. गरोदरपणात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज, १८० दिवस. गोळ्या मिळतात, खाल्ल्या जात नाहीत: मळमळ होते, शौचाला काळं होतं, बाळ मोठं होऊन सिझर होईल अशी भीती सासू घालते. गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. रात्री जेवणानंतर घेतली तर पुष्कळजणींना सोसते. हे सांगणारी शेजारची, नुकतीच बाळंत झालेली बाई असेल तर पोस्टरपेक्षा लवकर पटतं. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं तर गोळ्यांच्या भरवशावर थांबायचं नाही, रुग्णालयात पोचवायचं.

बऱ्याच जणी सातव्या-आठव्या महिन्यात गावी जातात आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परततात. तेवढ्या काळात इथल्या यादीतून नाव गळतं आणि तिथल्या यादीत चढत नाही. जाण्यापूर्वी माता-बाल कार्ड, उरलेल्या गोळ्या आणि परत आल्यावर कुणाला फोन करायचा तो नंबर हातात द्यायचा. आल्यावर बाळाचं वजन त्याच आठवड्यात. मासिक बैठकीतल्या यादीत ‘गावी गेलेल्या’ असा वेगळा भाग ठेवा, नाहीतर त्या कायमच्या जातात.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण आघाडीने ते आवर्जून घ्यावं. उत्तर प्रदेश-बिहारचं रेशनकार्ड ‘एक देश एक रेशनकार्ड’खाली इथल्या दुकानात चालतं, हे कित्येक घरांना ठाऊक नसतं. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आधार आणि बँक खातं न जुळल्याने अडतात. आहाराच्या नोंदणीला ओटीपी लागतो आणि मोबाइल असतो नवऱ्याकडे, तो कामावर. संध्याकाळी सातनंतर बसणारी एक मदतखिडकी यातलं पुष्कळ सोडवते.

आघाडीत कोण हवं? वर म्हटलं ती दोन सरकारी खाती. एक रुग्णालय, जिथे एक डॉक्टर तुमचा फोन उचलतील. वस्तीतली महिला मंडळं. रेशन आणि पाण्यावर काम करणारं कुणीतरी. मशिदीची कमिटी, बुद्धविहार, गणेश मंडळ यांच्याकडे जागा असते, आणि अंगणवाडीला जागेचंच दुखणं असतं. एम-पूर्वमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०११ पासून विभागाच्या प्रश्नांवर काम केलंय, त्यांच्याशी बोलल्याशिवाय नवं सर्वेक्षण काढू नका. कोण नको, तेही सांगते. निधी देणारी कंपनी बाळाचं दूध किंवा दोन वर्षांखालच्या मुलांचं डबाबंद खाणं बनवत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, अशा मालाची जाहिरात, मोफत वाटप आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना आमिषं या सगळ्यावर बंदी आहे. प्रोटीन पावडरवाल्यांचं कायद्यात तसं नाही, पण किटावर त्यांचं नाव आलं की उद्या आई खिचडी सोडून डबा विकत घेईल. पैसे कुणाचेही असोत, वस्तीत नाव अंगणवाडीचं आणि हेल्थ पोस्टचं दिसू द्या.

अंगणवाडी सेविकांचा मान राखा, हे मी जरा जोर देऊन सांगते. त्या मानधनावर काम करतात. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचा राज्यभर संप सुरू झाला, तो पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. अशा वेळी काही संस्थांना वाटतं की आपण अंगणवाडी चालवावी. करू नका, नंतर ती सेविका तुमच्या बैठकीला येणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. आजारी मुलांचा पाठपुरावा तेवढा चालू ठेवा, तोही युनियनच्या ताईंना सांगून.

काय कशावर अवलंबून आहे, तेही बघा. बैंगनवाडी किंवा शिवाजीनगरच्या गल्लीत हाक मारली की चार दारं उघडतात. लल्लुभाई कंपाउंड किंवा नटवर पारेखसारख्या पुनर्वसनाच्या इमारतींत दारं बंद असतात, मजल्यामजल्यावर ओळख नसते, आणि तिथे मूल शोधायलाच दुप्पट वेळ लागतो. भाड्याने राहणाऱ्यांची वस्ती असेल तर दर वर्षी निम्मी यादी नवी होईल, तिथे ‘किती मुलं सुधारली’ यापेक्षा ‘आलेल्या किती मुलांना आपण महिन्याभरात गाठलं’ हा आकडा प्रामाणिक ठरतो. तुमच्या हद्दीत अंगणवाड्याच पुरेशा नसतील तर आधी नव्या अंगणवाडीची मागणी लावून धरावी लागेल, आणि तिथे माझा मासिक बैठकीचा सल्ला अर्धाच कामाचा.

कंपनीला काय कबूल करायचं? बुटकेपणा अमुक टक्क्यांनी उतरवू, असं लिहून देऊ नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१३ च्या मालिकेतला अंदाज असा होता की पोषणाचे दहा थेट उपाय ९० टक्के लोकांपर्यंत पोचवले तरी बुटकेपणा साधारण एक-पंचमांशानेच घटतो. बाकीचं पाणी, संडास, आईचं शिक्षण, मिळकत, लग्नाचं वय यांत आहे. तीन वर्षांत तुम्ही हे कबूल करू शकता: हद्दीतल्या प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाला ठरलेल्या दिवसांत उपचार सुरू होईल, सोडून गेलेल्यांची नोंद असेल, प्रत्येक बाळंतिणीला दोन आठवड्यांत गृहभेट होईल, आणि सहा महिने पूर्ण झालेल्या प्रत्येक बाळाचा वरचा आहार सुरू झाला का ते कुणीतरी डोळ्यांनी बघेल. लुकडेपणा त्याच महिन्याशी तुलना करता उतरला तर उत्तम, तो आकडाही द्या.

शिबिर घ्यायचंच असेल तर बैठका तीन-चार महिने नीट चालल्यावर घ्या, म्हणजे सापडलेलं मूल कुणाच्या हातात द्यायचं ते ठरलेलं असेल. पहिल्या बैठकीसाठी हेल्थ पोस्टची जागा मागा, दुपारी दोननंतरची वेळ ठेवा कारण त्याआधी सेविका मोकळ्या नसतात, आणि तुमच्या चारही संस्थांकडे आधीच्या शिबिरांच्या ज्या याद्या पडून आहेत त्या सोबत न्या. त्यातली किती मुलं अजून त्याच पत्त्यावर आहेत, एवढंच पहिल्या दिवशी सेविकांना विचारा.